तिसरी प्लेट

ठिपके हे त्याचं आडनाव नव्हतं. कारखान्यात पडलेलं नाव होतं. नवीन माणसांना ते आडनावच वाटायचं आणि त्यानंही कधी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. एकदा सुट्टीच्या यादीत टायपिस्टनं ‘श्री. ठिपके’ असं छापलं, तर यानं त्यासमोर मुकाट सही ठोकली.

त्याचं काम लोखंड सपाट करायचं. मशीनवर कापलेलं लोखंड डोळ्यांना सपाट दिसतं, पण असत नाही. ज्या दोन भागांना एकमेकांवर वर्षानुवर्षं सरकायचं आहे, त्यांना ते चालत नाही. म्हणून हातानं खरवडावं लागतं. रीत अशी. एक लोखंडी प्लेट सपाट म्हणून मानायची. तिच्यावर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा. कामाचा तुकडा तिच्यावर पालथा घालून घासायचा. उचलला की जिथं उंचवटा आहे तिथं निळा ठिपका उमटलेला दिसतो. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा घासणं, पुन्हा खरवडणं. सुरुवातीला चार-पाच मोठे डाग येतात. पन्नासाव्या-साठाव्या फेरीला सगळीकडे सारखे बारीक ठिपके येतात. एका चौरस इंचात वीस आले की तुकडा पास. हा पंचवीस आल्याशिवाय सोडायचा नाही. चौतीस वर्षं त्यानं हेच केलं.

मी त्याच खात्यात मशिनी हलवायचो. साखळी, रोलर, पहार आणि पाठ, एवढीच माझी हत्यारं. मला सगळे ‘क्रेन’ म्हणत. जड तुकडा प्लेटवर ठेवायला आणि उचलायला ठिपकेला मी लागायचो. दिवसातून वीस वेळा. वीस वेळा एकही शब्द नाही. तो मान हलवायचा, मी उचलायचो. याला मैत्री म्हणतात हे मला रिटायर झाल्यावर कळलं.

आम्ही एकाच वर्षी सुटलो. त्याच वर्षी घासकाम करणारं मोठं मशीन आलं आणि खरवडायचं टेबल मोडीत निघालं. निरोपाच्या दिवशी प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ देत होते. ठिपके म्हणाला, “घड्याळ राहू दे. माझी प्लेट द्या.” सगळे हसले. साहेबही हसले आणि देऊन टाकली. दीड फूट बाय एक फूट, खाली आडव्या-उभ्या फासळ्या, वजन पस्तीस किलो. त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, अडतीस पायऱ्या. मी ती खांद्यावरून नेली आणि वाटेत दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा थांबलो असतो तर स्वतःला माफ केलं नसतं.

एक खोली, एक स्वयंपाकघर. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. ताट एक, वाटी एक, चमचे मात्र सहा. एका भिंतीला पलंग, त्याची भिंतीकडची बाजू अजून सपाट, तिच्यावर कुणी झोपत नाही. दुसऱ्या भिंतीला जुन्या दाराची फळी ठोकून केलेलं टेबल. प्लेट त्यावर ठेवली, वर जुनी चादर टाकली, आणि दोन वर्षं ती तशीच पडून राहिली. मी मंगळवारी जायचो. चहा व्हायचा. तो खिडकीतून बघायचा, मी भिंतीकडे. उठताना मी म्हणायचो, “बरं, येतो.” तो म्हणायचा, “ये.” संपला मंगळवार.

मुलगी आठ तासांच्या रस्त्यावर, दुसऱ्या शहरात. दर रविवारी फोन करायची. एका रविवारी महिन्याची पहिली तारीख होती आणि कशानं तरी मी त्या दिवशीच गेलो होतो. ठिपकेचा एक कान कारखान्यानं खाल्लेला, त्यामुळे फोन मोठ्या आवाजात.

“बाबा, आमच्या घराचा करार संपतोय. तुम्ही येणार असाल तर तीन खोल्यांचं बघते. नाहीतर आम्हाला दोन पुरतात. महिनाअखेर मला हो किंवा नाही सांगा.”

“बघू.”

“‘बघू’ नको. दोन वर्षं बघू ऐकतेय मी. हो की नाही?”

“महिनाअखेर ना? सांगतो.”

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, “जा की. लेक बोलावतेय, नशीब काढलंस. माझ्या घरी पाच माणसं आहेत, पण मला बोलवावं लागत नाही, मी आधीच तिथं असतो.”

“जाऊन आलो ना मागं, पंधरा दिवस.”

“मग? जावई वाईट आहे?”

“जावई लाख माणूस. बाल्कनीत माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. पहिल्या तीन दिवसांत मी त्यांच्या घरातले सगळे ढिले स्क्रू आवळले. दारं, खिडक्या, कपाट, कढईचा दांडा. चौथ्या दिवशी स्क्रू संपले. मग मी खुर्चीवर बसलो. आल्या-गेल्याला ती सांगायची, हे माझे बाबा. लोक नमस्कार करायचे आणि पुढं जायचे. मी खुर्चीतला माणूस झालो रे.”

“आणि इथं कोण आहेस?”

त्यानं खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाला, “तेच माहीत नाही. आधी ते कळायला पाहिजे. नाहीतर हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, दोन्ही अंदाजपंचे.”

“मग बस आणि विचार कर.”

“बसलं की मला विचार येत नाही, झोप येते.”

दुसऱ्या दिवशी त्यानंच मला बोलावलं. असं कधी होत नाही. गेलो तर चादर निघालेली, प्लेट पुसलेली, आणि हा तिच्यासमोर हात मागं बांधून उभा.

“क्रेन, ही सपाट आहे हे मला कुणी सांगितलं?”

“कारखान्यानं.”

“कारखान्याला?”

“तपासणीवाल्यानं.”

“आणि त्याला त्याच्या प्लेटनं. मग जगातली पहिली सपाट प्लेट कुणी केली?”

“देवानं.”

“तीन प्लेटांनी केली.” तो म्हणाला. “दोन प्लेटा एकमेकींवर घासून जुळवल्या तर जुळतात. पण एक खोलगट आणि दुसरी फुगीर असली तरी त्या जुळतातच, नवरा-बायकोसारख्या. बाहेरून कळत नाही. तिसरी आणली की खोटं उघडं पडतं. तिघींपैकी कुणालाही कुणावर ठेवलं आणि तरी ठिपके सारखे आले, तरच तिन्ही सपाट. मग कुणाला विचारायला जावं लागत नाही. आमचा उस्ताद म्हणायचा, फिटरनं जन्मात एकदा हे करावं. मी नाही केलं. समोर तयार प्लेट होती, केलं कशाला असतं?”

“आणि हे केलं की लेकीकडे जायचं की नाही ते कळणार?”

“माहीत नाही. पण हात चालू असले की मी स्वतःशी बोलू शकतो. एरवी मला ते जमत नाही.”

भंगारवाल्याकडं त्याच मापाच्या दोन जुन्या प्लेटा मिळाल्या. एकीचा कोपरा तुटलेला, दोन्हींवर लाल गंज. सत्तर किलो, दोन खेपा. टेबलाला खालून दोन टेकू मारले, कारण शंभर किलोंच्या वर वजन जुन्या दारावर ठेवणं हा मूर्खपणा आहे.

मग काम सुरू झालं. सकाळी नऊ ते एक. मी येऊन उचलायचो, तो रंग द्यायचा, मी ठेवायचो, दोघं मिळून घासायचो, मी उचलायचो, तो खरवडायचा. दिवसाला बारा-तेरा फेऱ्या. म्हणजे दिवसाला साडेचारशे किलो वर आणि तेवढंच खाली, या वयात. घरी सून म्हणायची, “बाबा, मित्राकडं जाता की हमाली करायला?” मी म्हणालो, “दोन्ही.”

तो खरवडताना मी पलंगावर बसायचो, बसायच्या बाजूला. तो कंबरेतून रेटायचा, हातातून नाही. हातातून रेटणारा दुपारी मरतो. स्क्रेपरखालून लोखंडाचा कीस पिठासारखा निघायचा. मधूनच ओठ हलायचे. एकदा ऐकू आलं, “नाही, ते तसं नव्हतं.” मी विचारलं, “काय नव्हतं?” तो म्हणाला, “तुला नाही म्हणालो.”

दुसरी प्लेट पहिलीशी नऊ दिवसांत जुळली, तिसरी पहिलीशी आठ दिवसांत. सुरेख जुळल्या. इंचात पंचवीस, मी स्वतः मोजले. अठराव्या दिवशी त्यानं मान हलवली, तशी मी तिसरी उचलून दुसरीवर ठेवली. त्या दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या.

त्यानं वरच्या प्लेटच्या कोपऱ्याला एक बोट लावलं आणि अलगद ढकललं.

पस्तीस किलो लोखंड भोवऱ्यासारखं फिरलं.

सपाट लोखंड सपाट लोखंडावर असं फिरत नाही. ते धरून बसतं, ढकललं तर कुरकुरत सरकतं. तो म्हणाला, “उचल.” मी उचलली. दोन्ही पुसल्या, रंग दिला. पुन्हा ठेवली, पुन्हा घासली, पुन्हा उचलली. सगळीकडे कोरडं आणि एकाच जागी तळहाताएवढा निळा डाग.

“दोन्ही फुगीर,” तो म्हणाला.

“मग चुकलं का खरवडताना?”

“दोन्हींत एकाच जागी, एकसारखं? माझा हात एवढा हुशार नाही. त्या जिच्याशी जुळवल्या ती खोलगट आहे.”

जिच्याशी जुळवल्या ती म्हणजे त्याची प्लेट. चौतीस वर्षांतली वीस वर्षं त्यानं छोटे तुकडे तिच्यावरच केले होते. कुठल्या मशीनची सरकपट्टी, कुठल्या मशीनच्या फटीत बसणारी जीभ, शेकड्यानं. सगळे तिच्याशी जुळलेले. म्हणजे सगळे किंचित फुगीर.

“किती?” मी विचारलं.

“केसाचा तिसरा हिस्सा असेल.”

मला वाटलं, हात्तिच्या. पण त्याचं तोंड बघून फडकं पुढं केलं.

डाग मधोमध होता, पण उभं राहणाऱ्या माणसाच्या अंगाला थोडा अलीकडे. तो पहिल्या प्लेटसमोर जाऊन उभा राहिला. पाय रोवले, डोळे मिटले आणि हातात छोटा तुकडा असल्यासारखे दोन्ही हात प्लेटवर आणले. ते बरोब्बर त्या जागेवर पडले. त्यानं डोळे उघडून हातांकडे बघितलं.

“खड्डा माझा आहे,” तो म्हणाला. “सगळ्यांना बोंबलून सांगायचो, प्लेट सगळी वापरा, चारही कोपऱ्यांत फिरवा, नाहीतर एकाच जागी झिजेल. आणि मी स्वतः? खिडकीचा उजेड इथं पडायचा, हात इथं पोहोचायचे, वाकावं लागायचं नाही. वीस वर्षं इथंच घासलं.”

“दरवर्षी तपासणी व्हायची की. तो चष्मेवाला यायचा.”

“त्याला मी खात्यातली मोठी प्लेट दाखवायचो. ही कपाटात ठेवायचो. आठवतं काय म्हणायचो?”

आठवत होतं. “परक्याच्या हाताच्या घामानं गंज चढतो.”

“ते खोटं होतं.” तो खाली बसला. “मला भीती वाटायची, तो काहीतरी काढेल. म्हणजे कुठंतरी माहीत होतं. माहीत होतं आणि मी बघत नव्हतो.”

त्या दिवशी काम झालं नाही. महिना संपायला अकरा दिवस उरले होते.

दुसऱ्या सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभा. “कारखान्यात जायचंय. सांगायला पाहिजे.”

“कुणाला?”

“जो खुर्चीत असेल त्याला.”

फाटकावर आम्हाला कुणी ओळखलं नाही. आत खातं ओळखू येत नव्हतं, आमच्या टेबलाच्या जागी पाण्याचं मशीन. नवा साहेब तिशीतला, वागायला चांगला. बसायला दिलं, पाणी दिलं. ठिपकेनं उभं राहूनच सांगितलं. कुठली प्लेट, किती वर्षं, कुठले तुकडे, किती फुगीर. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. तपासणीवाल्याला प्लेट दाखवली नाही, हेही सांगितलं. मला वाटलं तेवढं गाळेल.

साहेबानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, बराच वेळ बघितलं, हे मान्य करायला पाहिजे. मग म्हणाला, “काका, त्या मशिनींची एकही तक्रार नाही.”

“एकही?”

“एकही नाही. आणि खरं सांगू का, त्या मशिनींना एवढी अचूकता लागतच नव्हती. एवढ्यातेवढ्यानं त्यांना काही होत नाही. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका. घरी जा, आराम करा.”

त्यानं हे प्रेमानं सांगितलं. दारापर्यंत सोडायलाही आला.

बसस्टॉपवर तीन बस गेल्या. ठिपके उठला नाही.

“चुकलं तरी चाललं,” तो म्हणाला.

“मग बरं झालं ना? सुटलास.”

“चुकीचं चाललं, म्हणजे बरोबरही नुसतं चाललंच असतं. चौतीस वर्षं मी केलं त्याच्यानं कुणाचं काही अडत नव्हतं, क्रेन. मग मी तिथं काय करत होतो?”

मी म्हणालो, “चल, चहा घेऊ.” माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कमी कष्टाचं वाक्य.

तो घरी गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. चार दिवस मी रोज अडतीस पायऱ्या चढलो, दार वाजवलं. पहिल्या दिवशी आतून आवाज आला, “जिवंत आहे. जा.” पुढचे तीन दिवस तोही नाही. मी वरच्या पायरीवर बसायचो, अर्धा तास, घड्याळ लावून. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला की उठायचो. शेजारीण म्हणाली, “भांडण झालंय का हो तुमचं?” मी म्हणालो, “माझं नाही. त्याचं झालंय.” “कुणाशी? आत दुसरं कुणी नाही.” मी म्हणालो, “तेच.”

मधला रविवार गेला. त्यानं फोनही उचलला नाही.

पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच आवाज ऐकू आला. खर्र. थोडी उसंत. खर्र. कंबरेतून रेटलेला, बरोबर लयीत. दार उघडं होतं. त्यानं दाढी केलेली नव्हती, पण हात निळे होते. दोन फुगीर प्लेटा समोर घेऊन तो त्यांचे उंचवटे उतरवत होता, थोडे हिचे, थोडे तिचे. मी बाही वर केली.

पुढं कामच चाललं, सकाळी नऊ ते एक. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, अकराच्या सुमारास, दारात त्याची मुलगी उभी. हातात छोटी बॅग, डोळ्यांखाली प्रवास.

“फोन का उचलत नाही?”

“हात निळे होते.”

“दहा दिवस?”

“बस.”

“कुठं बसू? खुर्चीवर डबे आहेत.” तिनं डबे खाली ठेवले, पण बसली नाही. माझ्याकडे वळली. “काका, काय चाललंय हे? शेजारच्या मावशींनी सांगितलं, कोंडून घेतलं होतं म्हणे. माझा जीव अर्धा झाला.”

मी जायला उठलो. ठिपके म्हणाला, “थांब रे. अजून एक फेरी राहिलीय.” मग तिला म्हणाला, “मी येत नाही तुझ्याकडं.”

तिनं बॅग पलंगावर ठेवली. “गुडघे का? लिफ्टचं घर बघितलंय मी.”

“गुडघे नाहीत.”

“त्यानं काही म्हटलं का तुम्हाला मागच्या वेळी?”

“जावयाचं नाव नको घेऊस. त्यानं काही केलं नाही.” त्यानं स्क्रेपर खाली ठेवला, हात पुसायला लागला. फडकं आधीच निळं, हात पुसला जाईना. “मला कारणं द्यायची सवय आहे. तुला लहानपणापासून कारणंच दिली. ओव्हरटाइम आहे, मशीन उद्या जायचंय, साहेबानं थांबवलं. कुणी थांबवलं नव्हतं. वीस ठिपक्यांना सुट्टी होत होती. वरचे पाच माझे होते.”

तिला ठिपक्यांचा हिशेब माहीत होता. त्याच्या घरात वाढली होती.

“आईला माहीत होतं?”

“ती ताट झाकून ठेवायची. तिनं विचारलं नाही.”

“मी विचारायचे.”

“हो. तू विचारायचीस.”

मला वाटलं, मी पायऱ्यांवर असतो तर बरं झालं असतं.

“आणि हे आज सांगताय तुम्ही. चाळिशीला आले मी.”

“आज कळलं. मला वाटायचं कारखान्यासाठी करतोय, तुमच्यासाठी करतोय. साहेबानं सांगितलं, कारखान्याला नको होतं. तुम्हाला तर नकोच होतं. मग कुणासाठी होतं ते चार दिवस शोधत बसलो. माझ्याशिवाय कुणी सापडलं नाही.” तो थांबला. “मला ते आवडतं गं. एखादी गोष्ट दिसते तशीच खरी आहे का, ते बघायला. बाकी मी कुणी नाही. आणि ज्या एका गोष्टीत मीच होतो तिथं मी वीस वर्षं बघितलं नाही. आता बघतोय.”

“म्हणजे तुम्हाला एकटंच राहायचंय.”

“राहायचंय असं नाही. एकटं वाटतं. चार वाजल्यानंतर फार वाटतं. पण तुझ्या बाल्कनीतही वाटलं होतं, आणि तिथं हातात काही नव्हतं. तुझ्याकडं आलो तर तुला बरं वाटावं म्हणून आलेला असेन. ते पुन्हा कारणच झालं.”

ती टेबलाजवळ आली. प्लेटवर तळहात ठेवला. मी ओरडणार होतो, रंग ओला होता, पण ठिपकेनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

“थंड आहे,” ती म्हणाली. “हे झालं की काय करणार याचं?”

“काही नाही.”

“काही नाही!” ती हसली, पण ते हसणं अर्ध्यातच मोडलं. “आठ तास उभ्यानं आले मी. काही नाही म्हणे.” मग स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी फारशी नव्हतीच. तिनं ते सहा चमचेही घासले, जे वापरलेलेच नव्हते. ठिपके तिच्या तळव्यानं पुसला गेलेला रंग पुन्हा द्यायला लागला. त्यानं तिकडे बघितलं नाही. मी बघितलं.

मी इथं न्याय करायला बसलेलो नाही. पण काम चोख झालं की नाही, एवढं मी सांगू शकतो. मुलीला नकार देण्यात त्यानं अंग चोरलं नाही. सोपं वाक्य एकही वापरलं नाही. त्याचा त्रास मात्र दोघांना झाला, आणि तिनं तो मागितला नव्हता. हेही लिहून ठेवतो.

दुपारच्या गाडीनं ती निघाली. जाताना वाकून नमस्कार केला. त्यानं निळा हात तिच्या डोक्यावर नेला आणि केसांच्या वर बोटभर अंतरावर तसाच धरला. मी बॅग घेऊन खाली उतरलो. चार किलोसुद्धा नव्हती.

रिक्षा येईपर्यंत आम्ही फाटकाशी उभे होतो.

“काका, दोन खोल्यांचंच घर घेते मग.”

“घे.”

“त्यांना ताप-बीप आला तर?”

“मी आहे. अडतीस पायऱ्या आहेत फक्त.”

“तुम्हीही काही विशीतले नाही.” तिनं तळहात उघडून बघितला. निळा झाला होता. रुमालानं पुसून बघितलं, निघाला नाही. “किती दिवस लागतील त्याला?”

“सांगता येत नाही. घाईनं होत नाही ते.”

“झालं की मला फोन करायला सांगा. आधी नको, उगाच बघू-बघू करत. खरंच झालं की.”

रिक्षा आली. ती बसली, मागं बघितलं नाही.

मी वर गेलो. या वेळी एकदाही थांबलो नाही, का कोण जाणे. ठिपके प्लेटवर वाकलेला होता.

“गेली?”

“गेली.”

“काही म्हणाली?”

“झाल्यावर फोन कर म्हणाली. आधी नको.”

त्याचा स्क्रेपर थांबला. तो तसाच वाकून उभा राहिला, इतका वेळ की मला वाटलं पाठीत उसण भरली. मग त्यानं खिडकीकडे बघितलं, उजेड कुठं पडतो ते पाहिलं, आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, अंधाऱ्या अंगाला. तिथून वाकावं लागत होतं.

“ठेव,” तो म्हणाला.

मी ठेवली.